साकुरा बघायला जपानला कधी जावं, कुठे जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडिलांना घेऊन दहा दिवस जपानला जायचंय, साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा फुलोरा, भर बहरात बघायचाय, विमानाची तिकिटं मात्र चार-पाच महिने आधी काढावी लागणार. मग तारखा कोणत्या धरायच्या आणि मुक्काम टोकियोत करायचा की क्योटोत? मी बरीच वर्षं कानसाईत, म्हणजे क्योटो-ओसाका-नारा या पट्ट्यात राहतो. दर वसंतात भारतातून येणाऱ्यांच्या सहली आखून देतो, त्यांच्याबरोबर हिंडतोही. आधी थेट उत्तर देतो, कारणं मग सांगतो.

तारखा बदलायची सोय नसेल तर १ ते १० एप्रिल धरा, मुक्काम क्योटो किंवा ओसाकाला ठेवा आणि नारा प्रांतातल्या योशिनोच्या डोंगरासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा. मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिलच्या मध्यापर्यंत घर सोडताच येत नसेल, तर टोकियो-क्योटोचा साकुरा विसरा आणि सरळ उत्तरेला, तोहोकुला जा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच सुट्टी असेल तर टोकियो. या तिन्ही सल्ल्यांमागचा विचार एकच आहे. एका शहरातल्या एका तारखेवर सगळी सहल टांगू नका. जिथे वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या जातींची झाडं एकामागून एक फुलतात असा प्रदेश निवडा. मग वर्ष लवकरचं निघो की उशिराचं, कुठे ना कुठे बहर गाठता येतोच.

तारखा इतक्या का हलतात ते झाडाकडे बघून कळतं. साकुराची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि मग झोपी जाते. तिची झोप मोडायला हिवाळ्याची थंडी लागते, आणि झोप मोडल्यावर फुगायला फेब्रुवारी-मार्चची ऊब लागते. दोन्ही हव्यात. नकाशा बघून वाटतं की दक्षिणेकडचं उबदार कागोशिमा टोकियोच्या आधी फुलत असेल. प्रत्यक्षात सरासरीने टोकियोत पहिली फुलं २४ मार्चला येतात आणि कागोशिमात २६ मार्चला, कारण तिथल्या सौम्य हिवाळ्यात कळीची झोप लवकर मोडत नाही. जपानमध्ये एक ढोबळ हिशेब लोकांच्या तोंडी असतो: १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं आणि बेरीज ६०० अंशांच्या आसपास आली की फुलं यायची. टोकियोपुरता तो बऱ्यापैकी जुळतो. म्हणूनच जानेवारीत कुणी छातीठोकपणे तारीख सांगत असेल तर त्यावर पैसे लावू नका, मार्चची ऊब अजून यायची असते. टोकियोत २०२३ साली पहिली फुलं १४ मार्चला आली होती आणि २०२४ साली २९ मार्चला. लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक पडला.

शहरंच्या शहरं एकदम गुलाबी-पांढरी कशी होतात, असं बरेच जण विचारतात. जपानच्या शहरांत बहुतेक झाडं सोमेइयोशिनो या एकाच जातीची आहेत. एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, आजच्या टोकियोतल्या सोमेइ गावच्या माळ्यांनी ही जात सगळीकडे पोहोचवली. तिचं बी लावून तेच झाड येत नाही. आपल्याकडे हापूस कलमानेच वाढवतात तसंच हे. सगळी झाडं एकाच झाडाची कलमं असल्यामुळे एका भागातली सगळी झाडं एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. त्यात पानांच्या आधी फुलं येतात, त्यामुळे फांदीवर फुलांशिवाय काहीच दिसत नाही. दृश्य अप्रतिम असतं, पण चुकलं की सगळंच एकदम चुकतं. म्हणून मी सहल आखताना सोमेइयोशिनो मधे ठेवतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना लवकर व उशिरा फुलणाऱ्या जाती जोडतो.

बातम्यांमध्ये दोन शब्द सारखे दिसतील, काइका आणि मानकाई. जपानच्या हवामान संस्थेने प्रत्येक ठिकाणी एक नमुन्याचं झाड ठरवलेलं आहे, टोकियोचं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की काइका जाहीर होते आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक कळ्या उघडल्या की मानकाई. संस्था ही नोंद अजूनही ठेवते, पण फुलांचा अंदाज वर्तवणं तिने २०१० पासून थांबवलं. आता खासगी हवामान कंपन्या जानेवारीपासून अंदाज काढतात आणि दर थोड्या दिवसांनी सुधारत जातात. भारतातून बघणारे इथे एक गफलत करतात. अंदाजात ठळक छापलेली तारीख बहुतेकदा काइकाची असते. त्या दिवशी पोहोचलात तर झाडावर मोजून घेता येतील इतकीच फुलं दिसतील. टोकियो-क्योटोत काइकापासून मानकाईपर्यंत आठवडा-दहा दिवस जातात आणि मानकाईनंतर साधारण आठवडाभर बहर टिकतो. माझ्या मते काइकानंतरचा पाचवा ते चौदावा दिवस हा पाहण्याचा खरा काळ. उत्तरेला हे सगळं आखडतं. सापोरोत सरासरी काइका १ मेला आणि मानकाई ५ मेला असते.

काइकाच्या दिवसांत पाऊस दिसला तर घाबरू नका. नुकती उमललेली फुलं पावसाला बरीच दाद देत नाहीत आणि थंडी परतली तर बहर उलट लांबतो. मानकाईनंतर चार-पाच दिवसांनी आलेला वारा-पाऊस मात्र एका रात्रीत झाडं रिकामी करतो.

आता कानसाई. क्योटोची सरासरी काइका २६ मार्चची आणि मानकाई ४ एप्रिलची. नवव्या शतकापासूनच्या दरबारी नोंदी आणि रोजनिशांतून ओसाकाच्या विद्यापीठातले अभ्यासक यासुयुकी आओनो यांनी क्योटोच्या बहराच्या तारखा गोळा केल्या. त्यांतली सगळ्यात जुनी नोंद इसवी सन ८१२ ची आहे. त्या यादीत २०२१ ची २६ मार्च ही मानकाई तोवरची सर्वांत लवकरची ठरली. बाराशे वर्षांच्या नोंदी असणाऱ्या शहरात हवा कशी बदलते आहे ते फुलंच सांगतात, आणि त्यामुळे 'एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे क्योटो' हा जुन्या मार्गदर्शिकांमधला ठोकताळा आता मी वापरत नाही.

तरीही क्योटो सुरक्षित का? कारण इथे महिनाभर काही ना काही फुललेलं असतं. मार्चच्या विशीत राजवाड्याच्या बागेत, कोनोए घराण्याच्या जुन्या वाड्याच्या जागी, झुकत्या फांद्यांचा साकुरा फुलतो. तिथे जायला पैसे लागत नाहीत आणि वाटा सपाट आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना बरं पडतं. मग मारुयामा बागेतलं मोठं झुकतं झाड, त्याच सुमारास किंवा लगेच पाठोपाठ शहरभरचा सोमेइयोशिनो: तत्त्वज्ञांच्या वाटेवर, केआगेच्या जुन्या रुळांवर, आराशियामाच्या नदीकाठी. ते झडू लागले की हेइआन देवळातल्या गर्द गुलाबी झुकत्या फांद्या, आणि सगळ्यांत शेवटी निन्नाजीतला ओमुरो साकुरा. निन्नाजीची झाडं ठेंगणी आहेत, फुलं थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि मागे पाच मजली मनोरा दिसतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला खुर्चीसारख्या उंचीवरून पाहता येईल असा साकुरा मला दुसरीकडे फारसा आढळलेला नाही. ओसाकाला टांकसाळीच्या आवारातली वाट एप्रिलच्या मध्याला जेमतेम आठवडाभर लोकांसाठी उघडतात. ही प्रथा १८८३ पासूनची. तिथे भरगच्च पाकळ्यांचे, उशिरा फुलणारे प्रकार आहेत. अलीकडे आधी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा तारखा जाहीर होताच नोंदणी करून टाका.

योशिनोबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण भारतातून येणारे बहुतेक जण ते गाळतात आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. नारा प्रांताच्या दक्षिणेचा हा डोंगर. त्यावर सुमारे ३०,००० झाडं आहेत आणि ती बव्हंशी यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी साकुरा. या झाडाला फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी येते, त्यामुळे उतार एकसारखा पांढरा न दिसता पांढरा, तांबडा, करडा असा मिसळलेला दिसतो. ही झाडं बागेच्या शोभेसाठी लावलेली नाहीत. इथल्या किन्पुसेन्जी मंदिरातला झाओ गोंगेन हा देव साकुराच्या लाकडात कोरला गेला अशी श्रद्धा आहे, म्हणून हे झाड पवित्र मानलं गेलं आणि यात्रेकरू शतकानुशतकं रोपं अर्पण करत आले. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९४ साली हजारोंचा लवाजमा घेऊन इथेच हानामी, म्हणजे फुलं बघायची सहल, केली होती. २००४ साली हा डोंगर कीई पर्वतातल्या तीर्थमार्गांबरोबर जागतिक वारशात गेला.

सहल आखणाऱ्याला योशिनो आवडण्याचं कारण त्याची उंची. डोंगराचे चार टप्पे मानतात: शिमो, नाका, कामी आणि ओकु सेन्बोन, म्हणजे खालची, मधली, वरची आणि आतली झाडी. पायथ्यापासून अगदी वरपर्यंत काहीशे मीटरची चढण आहे, त्यामुळे बहर एप्रिलच्या सुरुवातीला खाली सुरू होतो आणि हळूहळू चढत विशीच्या आसपास माथ्यावर पोहोचतो. क्योटोत उशीर झाला असेल तर योशिनोत वर जा, क्योटोत लवकर आला असाल तर योशिनोत खाली थांबा. ओसाकाच्या आबेनोबाशी स्थानकातून किन्तेत्सु कंपनीची गाडी थेट योशिनोला जाते, जलद गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो. आरक्षण आधी करा. आई-वडील बरोबर असतील तर स्थानकातून हंगामी बसने नाका सेन्बोनपर्यंत वर जा आणि उतरत उतरत खाली या, उलटं करू नका. ज्यांना चालवतं त्यांनी कामी सेन्बोनमधल्या हानायागुरा या जागेपर्यंत जावं. तिथून खाली झाओदो या किन्पुसेन्जीच्या मुख्य सभागृहाचं प्रचंड छप्पर आणि त्याभोवती फुललेला सगळा उतार एका नजरेत येतो. वाटेवरच्या दुकानांत कुझु या कंदाच्या पिठाचे पदार्थ मिळतात. गरम कुझुयू, म्हणजे त्याच पिठाचं गोड दाटसर पेय, थंड सकाळी फार बरं वाटतं. सकाळी नऊच्या आत पोहोचा. दहानंतर तीच वाट माणसांनी भरते.

कानसाईत असताना एक दिवस पश्चिमेला जायलाही हरकत नाही. हिमेजीचा पांढरा किल्ला आणि त्याखालची झाडं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बघायची आणि शिनकानसेन या अतिजलद रेल्वेने पुढे ओकायामा गाठायचं. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवरून बेतलं, ते मूळ कोराकुएन ओकायामात आहे. त्याच्या बाजूने वाहणाऱ्या आसाही नदीच्या काठी साकुराची लांबलचक रांग आहे. पुण्याच्या माणसांना ही बाग दाखवताना मला विशेष आनंद होतो.

टोकियोबद्दल सगळ्यांना बरंच माहीत असतं, म्हणून थोडक्यात. सरासरी काइका २४ मार्च, मानकाई ३१ मार्च. एकच जागा बघायची असेल तर शिंजुकु ग्योएन. तिकीट आहे, आत दारू चालत नाही, म्हणून वातावरण शांत असतं. शिवाय साठांहून अधिक प्रकारची झाडं असल्यामुळे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत काही ना काही फुललेलं मिळतं. गर्दीच्या काही दिवसांना तिथेही आधी नोंदणी लागते. चिदोरिगाफुचीला खंदकात नाव वल्हवता येते, पण रांग लांब असते. फक्त काठावरून चालायचं असेल तर सकाळी सातला जा. मेगुरो नदी संध्याकाळी सुंदर दिसते, मात्र चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन तिथे जाऊ नका, अरुंद वाटेवर धक्काबुक्की होते. निशिकासाईच्या भागात आपली बरीच माणसं राहतात. तुमचे कुणी नातेवाईक तिथे असतील तर त्यांच्याबरोबर जवळच्या शिनकावा कालव्यावर डबा घेऊन जा. पर्यटकांच्या यादीत ही जागा फारशी नसते आणि घरच्यासारखी हानामी होते. २०२५ साली टोकियोची मानकाई ३० मार्चला जाहीर झाली आणि गुढीपाडवाही त्याच दिवशी होता. असा योग दरवर्षी येत नाही, पण पाडवा आणि साकुरा बहुतेकदा आसपासच असतात.

आता ज्यांना शाळेची सुट्टी गाठायची आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रातल्या पालकांची ही अडचण मला दरवर्षी ऐकू येते आणि उत्तर ऐकून ते खट्टू होतात, पण खट्टू व्हायचं कारण नाही. तोहोकुचा साकुरा मला स्वतःला टोकियोहून जास्त आवडतो. १८ ते २५ एप्रिलच्या दरम्यान टोकियोहून शिनकानसेनने आधी काकुनोदातेला जा, साधारण तीन तास लागतात. आकिता प्रांतातल्या या गावात सामुराईंची जुनी घरं आहेत आणि त्यांच्या काळ्या लाकडी कुंपणांवरून झुकत्या फांद्या रस्त्यावर येतात. जवळच हिनोकिनाइ नदीच्या काठी दोन किलोमीटर सोमेइयोशिनो आहे. दोन वेगळ्या जातींचं फुलणं एकाच दिवशी पायी बघता येतं.

तिथून हिरोसाकी. आओमोरी प्रांतातल्या या किल्ल्याच्या बागेत सुमारे २,६०० झाडं आहेत आणि मी पाहिलेल्या सगळ्या जागांत इथली झाडं सर्वांत निरोगी, फुलांनी सर्वांत गच्च भरलेली आहेत. त्याला कारण आहे. जपानमध्ये सर्वसाधारण समज असा की साकुराची फांदी छाटू नये, कारण जखमेतून लाकूड लवकर कुजतं. हिरोसाकी हा सफरचंदांचा मुलूख. इथल्या माळ्यांनी सफरचंदाच्या छाटणीची पद्धत साकुराला लावली, जखमेवर लेप दिला, जमिनीला खत दिलं आणि म्हातारी झाडं पुन्हा जोमाने फुलवली. १८८२ साली लावलेलं सोमेइयोशिनो इथे अजून फुलतं. ही जात साठ-सत्तर वर्षांत थकते असं म्हणतात, हे लक्षात घेतलं तर त्या झाडासमोर थांबावंसं वाटतं. बहर झडू लागला तरी हिरोसाकी चुकवू नका. खंदकाचं सगळं पाणी पाकळ्यांनी झाकून जातं आणि काही जण खास तेवढंच बघायला येतात. पूर्वी इथला बहर मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांमध्ये सापडायचा. आता उबदार वर्षांत तो त्याआधीच ओसरतो, म्हणून मी २५ एप्रिलच्या पुढचं हिरोसाकी कुणाला सुचवत नाही.

वाटेत एक दिवस मोकळा असेल तर फुकुशिमा प्रांतातला मिहारू ताकिझाकुरा बघा. हजार वर्षांहून जुना मानला जाणारा एकच वृक्ष, एप्रिलच्या मध्याला फुलणारा. १९२२ साली त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केलं.

मेच्या पहिल्या आठवड्याशिवाय जमतच नसेल तर होक्काइदोला, हाकोदातेच्या गोर्योकाकु किल्ल्यात जा. तिथल्या मनोऱ्यावरून चांदणीच्या आकाराचा किल्ला फुलांनी आखलेला दिसतो. मात्र २९ एप्रिल ते ५ मे हा जपान्यांच्या सुट्ट्यांचा काळ असतो, हॉटेलं महाग आणि गाड्या भरलेल्या असतात. त्याउलट फेब्रुवारीत येणाऱ्यांसाठी इझु द्वीपकल्पातलं कावाझु आहे. तिथला गडद गुलाबी साकुरा महिनाभर टिकतो. ओकिनावात तर जानेवारीतच फुलतो, पण त्यासाठी मुद्दाम भारतातून यावं असं मला वाटत नाही.

थोडं तयारीचं. एप्रिलच्या सुरुवातीला क्योटोत दुपार सुखद असते, पण सकाळ-संध्याकाळ पारा सात-आठ अंशांपर्यंत येतो. आई-वडिलांसाठी स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट दोन्ही घ्या. तोहोकुला याहून जास्त. शिनकानसेनचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतं. हॉटेल मात्र त्याच्या कितीतरी आधी घ्या आणि फुकट रद्द करता येईल असंच घ्या. क्योटोत मिळालं नाही तर ओसाका किंवा ओत्सु चालेल, रेल्वेने जवळ आहेत. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की भाजीचं दिसणारं सूपही बहुधा दाशीत, म्हणजे माशाच्या अर्कात, केलेलं असतं. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असल्या की झाडाखाली बसून निवांत खाता येतं.

आणि झाडांबद्दल कळकळीची विनंती. फोटोसाठी फांदी खाली ओढू नका, पाकळ्या पडाव्यात म्हणून झाड हलवू नका, मुळांवर चटई पसरू नका. साकुराची मुळं वरच्या थरात असतात, माती तुडवून घट्ट झाली की झाड आजारी पडतं. जिथे बसायला परवानगी आहे तिथेच बसा. कचरा परत घेऊन जा, कारण बऱ्याच बागांत कुंड्याच नसतात.

तिकिटं काढल्यावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अंदाज पुन्हा बघा आणि दिवसांचा क्रम तेव्हा ठरवा. वर्ष लवकरचं दिसलं तर क्योटोतल्या नदीकाठच्या जागा पोहोचल्या पोहोचल्या पाहून घ्या, मग योशिनोत कामी सेन्बोनपर्यंत जा आणि निन्नाजी शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा. वर्ष उशिराचं असेल तर पहिले दोन दिवस राजवाड्याची बाग आणि मारुयामा करा, मधे हिमेजी-ओकायामा, आणि योशिनोचा खालचा टप्पा नवव्या दिवशी.